उरलेल्या तेराशे पंच्याऐंशी टाक्या

आमची मार्लिस गेली त्याला आता अकरा आठवडे झाले. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॉटडिशचे, म्हणजे ओव्हनमधल्या मांस-बटाट्याचे, सात ट्रे आले होते, आणि जो तो बोलत होता तिच्या रुबार्बच्या वड्यांबद्दल नाहीतर तिच्या खड्या आवाजाबद्दल. त्या जानेवारीतल्या मंगळवाराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. काढणार कसं? ज्यांना त्या दिवशी फोन गेले त्यांना अर्धंच माहीत. ज्यांना सगळं माहीत ते गॅसच्या गाड्या चालवणारे, आणि ती माणसं मुळात बोलतच नाहीत. म्हणून हे सांगून ठेवायला पाहिजे.

मार्लिस हॉकनसन. अकरावीतून शाळा सुटली, कारण बापाची कंबर गेली आणि घरी बत्तीस गायी होत्या. चोविसाव्या वर्षी गावच्या सहकारी गॅस सोसायटीत फोन घ्यायला लागली. मग सोसायटीत कॉम्प्युटर आला, तो शिकवायला एक माणूस दोन दिवस आला, आणि तो गेल्यावर त्या खोक्याला हात लावायला कुणी तयार होईना. मार्लिस म्हणाली, "मला द्या. गाईपेक्षा वाईट लाथ मारणार नाही." एक जाडजूड पुस्तक आणलं तिनं. ते पुस्तक ती तळ्यावरच्या बर्फात भोक पाडून गळ टाकून बसायची तिथंही घेऊन जायची. मासा लागला तरी आधी ओळ पुरी करायची. अशी वर्षं गेली आणि सोसायटीचा सगळा डेटाबेस, कॉम्प्युटरला कामं सांगणाऱ्या सगळ्या स्क्रिप्टा, सगळं तिच्या हातात आलं. हुद्दा मात्र शेवटपर्यंत "ऑफिस मदतनीस" असाच राहिला.

तिची एक सवय होती. काही बिघडलं की ती पाककृती लिहायची कोरी कार्डं काढायची. एका कार्डावर तीन ओळी. मला काय वाटलं, मी काय केलं, काय झालं. बस. चौथी ओळ नाही. "डोकं खोटं बोलतं," म्हणायची, "कार्ड नाही बोलत."

आता कामाचं सांगतो. आमच्याकडं घराघराच्या मागं गॅसची पांढरी टाकी असते. सोसायटीच्या अशा तेराशे शहाऐंशी टाक्या. प्रत्येक टाकीवर एक छोटं यंत्र, ते रोज पहाटे किती टक्के गॅस उरलाय तो आकडा ऑफिसात पाठवतं. त्या आकड्यांची एक फाइल होते, टाकीमागं एक ओळ. मार्लिसची स्क्रिप्ट ती फाइल वाचायची आणि एकेक आकडा डेटाबेसमध्ये टाकायची. त्यावरून गाड्यांची यादी निघायची, की आज कुणाकडं जायचं. टाकी रिकामी झाली की घर गरम ठेवणारी भट्टी बंद. आमच्याकडच्या थंडीत भट्टी बंद म्हणजे चार तासांत पाणी गोठून नळ फुटतात. म्हातारं माणूस एकटं असेल तर नळांपेक्षा वाईट होतं.

डिसेंबरात डेटाबेस ऑफिसातून हलवला आणि डुलुथ शहरातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर नेला, इथून अडीच तास. मग मार्लिसनं स्क्रिप्टमध्ये एक ओळ बदलली. आधी आकडा टाकायची कमांड इथल्या इथं चालायची, आता स्क्रिप्ट प्रत्येक आकड्याला डुलुथच्या सर्व्हरचं दार उघडून आत जाणार, कमांड चालवणार आणि परत येणार. पहिल्या दिवशी स्क्रिप्ट दोन सेकंदांत संपली. आधी सहा मिनिटं लागायची.

मॅनेजर गेलन ब्राटलँड म्हणाला, "नवा सर्व्हर काय पळतो बघ! उगाच नाही पैसे मोजले."

मार्लिसलाही बरं वाटलं. छाती थोडी फुगलीच.

आणि गेलननं नेहमीची तपासणी केली. ती तपासणी वीस वर्षांची. ऑफिसच्या खिडकीसमोर रस्त्यापलीकडं लूथरन चर्च, त्याच्या मागं त्याची टाकी. सोसायटीचा पहिला सभासद म्हणजे ते चर्च, नंबर एक. गेलन रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन रस्ता ओलांडायचा, टाकीचं झाकण उचलायचा, काटा बघायचा, परत येऊन पडद्यावरचा आकडा बघायचा. जुळला की म्हणायचा, "चर्च बरोबर तर सगळं बरोबर." त्या सकाळीही जुळला. पुढचे वीस दिवसही जुळला.

त्या मंगळवारी सकाळी सव्वाआठला फोन वाजला. टोइव्हो कांगस. वय एक्क्याऐंशी, तळ्याच्या पलीकडच्या रस्त्याला एकटा राहणारा.

"पोरी, माझी भट्टी विझलीय."

"कधी?"

"पहाटे. लाकडाची शेगडी पेटवलीय, मी मरत नाही आज. पण माझ्या टाकीत काही नाही. बोटानं वाजवली, घंटेसारखी वाजते."

मार्लिसनं पडद्यावर बघितलं. अडतीस टक्के.

गेलननं मागून मान लांब केली. "अडतीस आहे की. म्हाताऱ्यानं झडप बंद केली असेल. गेल्या वर्षी मोटारीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली होती त्यानं."

"किल्ली त्यानं स्वतःच्या फ्रीजमध्ये ठेवली होती," मार्लिस म्हणाली. "टाकी त्याला कळते. चाळीस वर्षं बॉयलर चालवलाय त्यानं." आणि तिनं गाडीवाल्यांचा रेडिओ उचलला. "डेल्मर, कुठं आहेस?"

"बाई, मी आत्ताच डोनट तोंडात घातलाय."

"काढ. टोइव्होकडं जा. आधी त्याच्याकडं, मग बाकीचं."

"यादीत नाही तो."

"मी आहे यादी. जा."

गेलनला ते आवडलं नाही. त्या दिवशी हवामानवाले सकाळपासून बोंबलत होते, संध्याकाळनंतर उणे पस्तीस, आमच्याकडं फॅरनहाइट चालतं, आणि वर वारा, तीन दिवस. गाड्या चारच. एक गाडी वाकडी गेली की सगळा दिवस वाकडा. "एका म्हाताऱ्यासाठी फेरी मोडलीस तू," तो म्हणाला.

मार्लिसनं कार्डाचा डबा काढला.

पहिलं कार्ड. वाटलं, टोइव्होच्या टाकीवरचं यंत्र बिघडलंय. पहाटेची फाइल उघडून त्याची ओळ शोधली. फाइलमध्ये चार टक्के, म्हणजे जवळजवळ रिकामी. यंत्र बरोबर आहे.

हे लिहिताना तिचा हात थांबला. फाइलमध्ये चार आणि डेटाबेसमध्ये अडतीस. मग अडतीस आले कुठून? तिला माहीत होतं कुठून. नवा आकडा आला नाही तर सर्व्हर जुन्या आकड्यातून रोज थोडं थोडं वजा करत राहतो, अंदाजानं. थंडी बेताची असली तर तो अंदाज खरा वाटतो. या वेळी नाताळानंतर थंडीनं पाठ सोडली नव्हती.

तिनं डुलुथला फोन लावला. तिथं क्रेग म्हणून एक तरुण माणूस असायचा, सभ्य, पण नुसत्या पडद्यावर विश्वास ठेवणारा.

"मार्लिस मॅडम, इथं सगळं हिरवं आहे. रोज साडेसहाला तुमची स्क्रिप्ट येते, कमांड चालते, एकसुद्धा चूक नाही."

"किती कमांड चालतात?"

"चालतात ना."

"किती, क्रेग?"

"ते मोजावं लागेल. त्याची विनंती भरून पाठवा, दोन दिवसांत उत्तर येतं."

"तुझ्या हिरव्या दिव्यावर माणूस शेकत नाही रे बाबा," मार्लिस म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसरं कार्ड. वाटलं, कमांड डुलुथपर्यंत जाताना मोडतेय. कमांडभोवती दोन पदरी अवतरणचिन्हं असतात, वाटेत एखादं गळून पडतं, असं आधी एकदा झालेलं होतं. तिनं टोइव्होची एकच कमांड हातानं पाठवली. अडतीसचे चार झाले. कमांड बरोबर आहे.

तिसरं कार्ड. वाटलं, पहाटे सर्व्हर झोपेत असतो, दिवसा चालेल. सगळी स्क्रिप्ट पुन्हा चालवली. दोन सेकंद. "पूर्ण." टोइव्होच्या शेजारच्या घराचा आकडा बघितला, जुनाच.

गेलन मध्येच येऊन गेला. "चर्च बघितलं मी. बासष्ट. पडद्यावर बासष्ट. चर्च बरोबर आहे, मार्लिस."

"हो."

"मग तू शोधतेस काय?"

"ते सापडलं की सांगते."

तेवढ्यात रेडिओवर डेल्मर. "बाई, म्हाताऱ्याची टाकी ठणठणीत रिकामी. तो विचारतोय कॉफी घेणार का. आणि म्हणतो, गेलनला सांग, किल्ली या वर्षी जागेवर आहे."

गेलन लाल झाला आणि आत गेला. पण आता दाराशी उभं राहून तोही बघायला लागला.

मार्लिस खुर्चीत मागं टेकली. दोन सेकंद. तेराशे शहाऐंशी वेळा डुलुथला जायचं, दार उघडायचं, काम करायचं, परत यायचं, आणि सगळं दोन सेकंदांत? एका फेरीलाच दोन सेकंद लागतात. वीस दिवस ती दोन सेकंदांवर खूश होती. कुणी तिला सांगितलं असतं की डेल्मर दोन मिनिटांत चाळीस घरं करून आला, तर तिनं त्याला तिथंच धरला असता.

तोंडातून एक शब्द गेला तिच्या, चर्चच्या बायकांनी ऐकला नाही तेच बरं असा.

चौथं कार्ड. स्क्रिप्टला बोलतं केलं. प्रत्येक ओळ वाचली की ती पडद्यावर छापायची, एवढंच घातलं आणि चालवली. पडद्यावर आलं, "१, चर्च, ६२." त्याच्या खाली, "पूर्ण."

एकच ओळ.

"गेलन," ती म्हणाली, "इकडं ये."

तो आला. चष्मा वर केला, खाली केला.

"एकच?"

"एकच. वीस दिवस. रोज एकच टाकी. आणि ती कुठली?"

गेलननं खिडकीतून रस्त्यापलीकडं बघितलं. कपाळावर हात मारला. "मी रोज तीच बघत होतो."

"मीही रोज तुझ्यावर भरवसा टाकत होते."

पण का एकच, ते अजून कळलं नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय दुरुस्ती नाही. सकाळचे दहा वाजून गेले होते. गेलन म्हणाला, "सगळे आकडे हातानं टाकूया. मी पण बसतो."

"तेराशे पंच्याऐंशी? तुझ्या दोन बोटांनी? रविवार उजाडेल. आणि एका घराचा आकडा दुसऱ्याला लागला की गाडी भलत्या घरी जाईल. मला तासभर दे."

पाचवं कार्ड. स्क्रिप्टमधून डुलुथला जायची ओळच काढली, नुसतं वाच आणि छाप. चालवली. पडद्यावरून ओळींचा पूर वाहून गेला, सगळ्या तेराशे शहाऐंशी. ओळ परत घातली. एक. परत काढली. सगळ्या. परत घातली. एक.

म्हणजे यादी बरोबर आहे, कमांड बरोबर आहे, आणि डुलुथला जाणारा जो निरोप्या आहे, तो यादीचं काहीतरी करतोय.

आणि मग तिला वासरं आठवली. घरी असताना ती वासरांना दूध पाजायची, एकाच मोठ्या बादलीतून. दहा वासरं रांगेत. एकाला दोन घोट द्यायचे आणि बादली पुढं न्यायची. पण पहिल्या वासराचं तोंड बादलीतच राहू दिलं आणि आपण दुसरीकडं बघितलं, तर ते सगळं दूध ओढून घेतं. मागची नऊ उपाशी. आणि पहिलं एकदम गुटगुटीत, त्याच्याकडं बघून कुणालाही वाटेल पोरीनं सगळ्यांना पाजलं.

स्क्रिप्ट यादी ओतत होती एकेक ओळ. पहिली ओळ चर्चची. ती घेऊन निरोप्या डुलुथला निघाला, आणि जाताना त्याचं तोंड यादीतच राहिलं. त्याला वाटलं हे सगळं मलाच दिलंय, पलीकडं न्यायला. उरलेल्या तेराशे पंच्याऐंशी ओळी तो एका दमात पिऊन गेला. परत आला तेव्हा यादी कोरडी. स्क्रिप्ट म्हणाली, यादी संपली, काम पूर्ण. कुणी खोटं बोललं नाही. म्हणूनच कुठं लाल दिवा लागला नाही.

इथं ऑफिसातच डेटाबेस होता तेव्हा निरोप्याच नव्हता, म्हणून हे कधी झालं नाही. निरोप्या स्क्रिप्टमध्ये घातला तो मार्लिसनं, स्वतःच्या हातानं.

तिनं ते जाड पुस्तक काढलं. त्यात होतंच ते, पान शोधायला पाच मिनिटं लागली. निरोप्याचं तोंड बांधायला एक आडवी रेघ आणि एक अक्षर. कमांडमध्ये तेवढं घातलं. मग लगेच सगळी यादी नाही चालवली. आधी पाच ओळी घेतल्या, मुद्दाम मधल्या, सातशेच्या आसपासच्या. दहा सेकंद लागले. पाचही आकडे बदलले. तिसऱ्या घरी फोन करून बाईला टाकीचं झाकण उघडायला लावलं. जुळला.

मग सगळी चालवली. सव्वाअकरा वाजले होते.

शेहेचाळीस मिनिटं लागली. मार्लिस पडद्यासमोरून हलली नाही. गेलननं तिच्यासमोर कॉफी ठेवली, मग बायकोनं दिलेल्या चॉकलेटच्या वड्या ठेवल्या, मग नुसताच उभा राहिला. एकदा म्हणाला, "किती हळू चाललंय गं."

"हळू चाललंय म्हणून तर खरं आहे," ती म्हणाली.

बारा वाजून दहा मिनिटांनी यादी निघाली. दहा टक्क्यांच्या खाली असलेल्या त्रेचाळीस टाक्या. सकाळच्या यादीत त्यातल्या फक्त सहा होत्या. म्हणजे सदतीस घरं आपल्याकडं गॅस आहे असं समजून उणे पस्तिसात शिरणार होती.

तिनं चारही गाड्या रेडिओवर घेतल्या. "हातातलं सगळं टाका. नवी यादी देते. ज्याच्याकडं कमी तो आधी. रस्ता वाकडा पडला तरी चालेल."

"जेवण?" एकजण म्हणाला.

"गाडीत."

डेल्मर म्हणाला, "बाई, आज माझा डोनट सकाळपासून डॅशबोर्डवर आहे."

"गोठला असेल. चावून खा."

आता राहिले फोन. गाडी घरापर्यंत आत जायची तर वाटेवरचा बर्फ काढलेला पाहिजे, टाकी उकरलेली पाहिजे, आणि तोवर लोकांनी भट्टी कमी ठेवायला पाहिजे. त्रेचाळीस घरांना सांगायचं. मार्लिसनं फोन ओढला तसं गेलननं त्याच्यावर हात ठेवला.

"ऐक. असं सांग की थंडी फार येतेय म्हणून आम्ही खबरदारी घेतोय. खोटं नाही ते."

"खरंही नाही."

"मार्लिस, वसंतात सभा आहे. संचालक विचारतील कुणी केलं. तुला पाच वर्षं राहिलीत."

"त्यांना थंडीची खबरदारी म्हटलं तर ते आपण सांगितलेल्या जुन्या आकड्यावर भरवसा ठेवतील आणि म्हणतील, आमच्याकडं चाळीस टक्के आहे, दुसऱ्याकडं आधी जा. वाटेतला बर्फ कोण काढेल मग? मला त्यांनी आत्ता फावडं उचलायला पाहिजे." तिनं त्याचा हात बाजूला केला. "सभेचं सभेत बघू."

गेलननं मग दुसरा फोन घेतला आणि म्हणाला, "खालचे वीस मला दे."

"नको. तू नीट माफी मागत नाहीस, खोकतोस. तू तुझी पिकअप काढ. पुढं बर्फ ढकलायचा फाळ लावलेलाच आहे. ज्यांच्याकडं फावडं मारायला कुणी नाही त्यांची वाट मोकळी कर."

आणि तो गेला. साठीचा मॅनेजर, पोट सांभाळत, टोपीची कानपट्टी बांधत.

मार्लिसनं फोन सुरू केले. प्रत्येकाला तेच. "मी सोसायटीतून मार्लिस. तुमच्या टाकीचा आकडा आम्ही तुम्हाला चुकीचा सांगितला. चूक माझी आहे. गाडी येतेय. वाट मोकळी करा आणि भट्टी उतरवून पंचावन्नवर आणा." काहींनी आभार मानले. एकानं तिला पाच मिनिटं शिव्या दिल्या, तिनं ऐकून घेतल्या, मग म्हणाली, "झालं? आता फावडं घे." एका घरी कुणी उचलेना, तेव्हा तिनं शेजाऱ्याला पाठवलं, शेजाऱ्यानं सांगितलं की ते ॲरिझोनाला गेलेत, घरात मांजर आणि पाण्याचे नळ आहेत. तेही घर यादीत ठेवलं.

साडेतीन वाजता बाहेरचा उजेड पिवळा पडायला लागला आणि वारा वळला. रेडिओवर एकामागून एक आकडे यायला लागले. अकरा झाले. अठरा. सव्वीस. ती प्रत्येक घरावर रेघ मारत होती. चौतीस.

पावणेपाचला शेवटचा फोन लागला. गावाबाहेरच्या काउंटी रस्त्याच्या टोकाला राहणारी कॅरी, पंचविशीतली, नोव्हेंबरात बाळंत झालेली. दुपारपासून तिचा फोन लागतच नव्हता, बाळ झोपलं की ती बंद ठेवायची.

मार्लिसनं तेच सांगितलं. कॅरी म्हणाली, "पण माझ्याकडं एक्केचाळीस आहे. मी गेल्या आठवड्यात विचारलं होतं. तुम्हीच सांगितलंत मला."

"हो. मीच सांगितलं. ते चूक होतं."

"मग आता तुम्ही सांगता ते बरोबर कशावरून?"

मार्लिस मग म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. कोट घाल, बाहेर जा, टाकीचं झाकण उचल आणि मला वाचून दाखव. मी फोन धरून आहे."

दार उघडल्याचा आवाज आला, मग वाऱ्याचा, मग कडक बर्फावर बुटांचा. मार्लिसनं कान फोनला लावला आणि रेडिओ तोंडाजवळ धरला. डेल्मर तिकडच्याच रस्त्याला होता.

"तीन," कॅरी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "काटा तीनवर आहे."

"डेल्मर," मार्लिस रेडिओत म्हणाली, "किती लांब?"

"रस्त्यावरच्या तिच्या डाकपेटीपाशी पोचलोय. पण वाट भरलीय बर्फानं, गाडी आत जात नाही."

"मागं गेलन आहे का तुझ्या?"

"दिवे दिसतायत त्याचे."

"त्याला आधी सोड," ती म्हणाली. मग फोनमध्ये, "कॅरी, आत जा, बाळाजवळ बस. फोन ठेवू नकोस. टाकीला नळी लागल्याचा आवाज मला ऐकायचाय."

आणि ती तशीच बसून राहिली, एका कानाला फोन, दुसऱ्या हातात पेन्सिल, त्या एका नावावर टेकवलेली, आवाज येईपर्यंत रेघ न मारता.